शेजारणीचं घर साक्षीला

आपल्यावरचा अन्याय दूर करायला गेलं आणि त्यापायी शेजाऱ्याचं नुकसान होण्याची शक्यता असली, तर दाद मागावी की गप्प बसावं? माझ्यापुढे हा प्रश्न कौन्सिल टॅक्सच्या बिलामुळे उभा राहिला. बिलातला फरक फार मोठा नाही. प्रश्न मात्र मला मोठा वाटतो, आणि त्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे.

इंग्लंडमध्ये घरांवर बसणाऱ्या या स्थानिक करासाठी प्रत्येक घराला ए ते एच यांपैकी एक बँड, म्हणजे किमतीचा गट, असतो. ते घर १ एप्रिल १९९१ रोजी विकलं असतं तर किती पौंड आले असते, यावर तो ठरतो. आजच्या किमतीला तिथे काही अर्थ नाही. माणशी आकारल्या जाणाऱ्या पोल टॅक्सवरून देशभर रान पेटलं होतं, तो काढून १९९३ साली हा कर आणला. घाई इतकी होती की बरीच घरं रस्त्यावरूनच, चालत्या गाडीतून पाहून बँडमध्ये टाकली गेली. वेल्समध्ये पुढे नव्याने मूल्यांकन झालं. इंग्लंडमध्ये झालंच नाही. काल-परवा बांधलेल्या फ्लॅटचीसुद्धा इथे १९९१ सालची किंमत कल्पनेने काढतात.

आमचं घर लेस्टरमध्ये आहे, १९३०च्या दशकातलं जोडघर. एका छपराखाली दोन घरं आणि मधली भिंत सामाईक. शेजारणीचा जिना उजवीकडे, आमचा डावीकडे. पुढे फुगीर खिडकी दोघांना, वरच्या मजल्याला खडीचा गिलावा दोघांना. ती बी बँडमध्ये आणि आम्ही सी. बी म्हणजे ४०,००० च्या वर ते ५२,००० पौंडांपर्यंत, सी त्यापुढे ६८,००० पर्यंत. डी बँडचे नऊ भाग धरले तर बीवाल्याने सात भरायचे आणि सीवाल्याने आठ. म्हणजे आमच्या दर आठ पौंडांतला एक जास्तीचा, आणि तोही आम्ही १९९८ साली इथे राहायला आलो तेव्हापासून.

घर घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत रीतसर हरकत घेता येते. ती मुदत गेली तर पुरावे जोडून फेरतपासणी मागायची. एक पुरावा म्हणजे १९९१च्या आसपास झालेल्या विक्रीची किंमत. दुसरा म्हणजे आपल्यासारख्याच, पण खालच्या बँडमधल्या घरांचे पत्ते, जास्तीत जास्त पाच. मी अडले ती इथे. आपण पत्ता दिला की अधिकारी त्या घराकडेही बघणार. आमचा सी बरोबर आणि त्यांचाच बी चुकीचा, असं निघालं तर त्यांचा बँड वर जातो. मागची बाकी मागत नाहीत, पण पुढचं बिल वाढतं. शेजारीण ऐंशीच्या पुढे, एकटी, सरकारी पेन्शनवर आहे. एकट्या माणसाला मिळणारी पंचवीस टक्के सूट धरूनच तिच्या महिन्याचा मेळ बसतो.

बँड कोणालाही बघता येतात. त्यामुळे तिला न विचारता तिचा पत्ता लिहिण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. पण आपलं म्हणणं खरं ठरवायला दुसऱ्याचं घर साक्षीला उभं करायचं आणि त्याला खबरही द्यायची नाही, हे मला पटेना.

दादा आळंदीला असतो. फोनवर म्हणाला, “सोडून दे गं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आणि तू चार पौंडांसाठी म्हातारीच्या दारात सरकारी माणूस धाडतेस?”

मी म्हटलं, “दादा, सगळी नाही बुडवली रे.”

ती हकिगत आम्ही दोघांनी आजीकडून ऐकलेली. कर्जखतांच्या वाटण्या झाल्या, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हातात दिला गेला, आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त आपला अर्धा. मला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो हा वाटणीचा क्षण. वैराग्य इतकं की घेणं पाण्यात सोडलं, आणि विवेक इतका की भावाच्या घेण्याला हात लावला नाही. आपलं सोडायचा अधिकार आपल्याला असतो. दुसऱ्याच्या सोयीवर, दुसऱ्याच्या पैशांवर तो चालत नाही. हे मला दोन्ही बाजूंनी लागू दिसलं. शेजारणीची स्वस्थता पणाला लावायला ती माझी नव्हती. आणि जास्तीचा कर भरत राहणं हाही एकट्या माझा त्याग नव्हता: त्यात नवऱ्याचे पैसे होते, आणि आमच्यामागून त्या घरात येणाऱ्या माणसांचेही असणार होते.

ओळखीतल्या एकांनी सुचवलं की याच करातून म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते, वाचनालयं चालतात, तेव्हा दान समजा. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण हे मी मान्य करणार नाही. दान जाणून आणि आपल्या हाताने दिलेलं असतं. चुकीच्या मापाने वसूल झालेल्या रकमेला मागाहून दान म्हटलं तर दानाचाही मान राहत नाही आणि मापही दुरुस्त होत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात म्हटलं आहे की कायदा आपल्या बाजूने असूनही जो हक्क शेवटपर्यंत ताणत नाही, आपल्या वाट्याहून कमी घेतो, तो माणूस नुसत्या न्यायी माणसाहून चांगला. मला हे खरं वाटतं. पण त्यासाठी आपला वाटा किती हे आधी कळायला हवं. तो न कळता थोडक्यात भागवून घेणाऱ्याला मी उदार म्हणणार नाही.

शेवटी मी शेजारणीकडे गेले आणि सगळं सांगितलं, तिचा बँड वाढू शकतो हेसुद्धा. ती मला “मी डक” म्हणते, इथल्या जुन्या माणसांची ती लाडाची हाक आहे. ती दर रविवारी मेथॉडिस्ट चॅपलमध्ये जाते. तिला लगेच मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आठवला: सकाळपासून राबलेल्यांना आणि तासभर काम केलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो आणि सकाळचे कुरकुरतात. तिचं म्हणणं, त्या मजुरांना ठरलेलं नाणं मिळालं होतं, त्यांना दुःख झालं ते शेजाऱ्याच्या तळहाताकडे बघून.

मी तिला म्हटलं की मळ्याचा मालक आपल्या खिशातून औदार्य दाखवत होता. कर हे कोणाचं औदार्य नाही, तिथे माप एकच हवं. पण तिचं बोलणं मनात राहिलं. या करात आपण शेजाऱ्याकडे बघतो, कारण दुसरीकडे बघायला जागाच ठेवलेली नाही. आपला बँड चुकला हे त्याच्या घराशी ताडूनच कळतं. आणि नजर वर मात्र जात नाही. ए बँड ४०,००० पौंडांना संपतो, एच ३,२०,००० च्या पुढे सुरू होतो, म्हणजे आठपट. आणि एचवाल्या वाड्याचा कर एवाल्या खोलीच्या फक्त तिप्पट. खरा अन्याय तिथे आहे. त्यावर कोणाला फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही, आणि आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना बी आणि सी करत बसतो.

शेजारणीने शिवणयंत्राच्या खणातून एक कागद काढला. घर घेतलं तेव्हाचा, १९९० सालचा सॉलिसिटरचा हिशेब. घडीवर फाटलेला, कडेला पिवळा पडलेला, त्यावर टाइप केलेली किंमत ४९,५०० पौंड. बीच्या मर्यादेत. मी तिच्यावर संकट येईल म्हणून घाबरत होते, आणि हा कागद उलट तिचा बी बरोबर आहे हे सांगत होता आणि आमच्या सीवर बोट ठेवत होता. “घेऊन जा,” ती म्हणाली.

पलीकडच्या, खालच्या बँडमधल्याच घरातल्या तरुण जोडप्यालाही विचारलं. भाडेकरू असले तरी कर तेच भरतात. त्यांनी नको म्हटलं. मी कारण विचारलं नाही आणि त्यांचा पत्ता घातला नाही, आमच्या बाजूचा तो चांगला पुरावा होता तरी.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या घराला मागे एक वाढीव खोली आहे, आधीच्या मालकाने १९९५ च्या सुमारास बांधलेली. वाढीव बांधकामामुळे बँड लगेच चढत नाही, पण घर विकलं गेलं की ते हिशेबात धरता येतं. म्हणजे १९९३ साली आमचा सी चुकलेला असेल आणि आज तोच बरोबर ठरेल, हे शक्य आहे. नवऱ्याने विचारलं, “हे आपण होऊन लिहायलाच हवं का?” शेजारणीचा कागद मेजावर होता. तिने आपल्या घराचं सगळं माझ्यापुढे ठेवलं असताना मी आपली एक खोली झाकून अर्ज करणं मला शक्य नव्हतं. खोलीची लांबी-रुंदी मोजून लिहिली, बांधल्याचं वर्षही लिहिलं.

अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे. दादाने रविवारी विचारलं, “आणि सीच राहिला तर?” मी म्हटलं, राहिला तर भरू. शेजारणीच्या खरेदीची किंमत आता त्यांच्या फायलीत लागली आहे, तिच्या बीवर उद्या कोणी शंका घेतली तर ती तिथे सापडेल.