मागच्या मालकाचं कर्म

दुसरा गिअर सगळ्यात आधी जातो. पहिल्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यातून पुन्हा दुसऱ्यात. स्पीडब्रेकर आला, म्हैस आडवी आली, रिक्षा मध्येच थांबली, की हात दुसऱ्यावरच जातो. जालन्यात मंठा चौफुलीवर सकाळी थोडा वेळ उभं राहिलात तर ते नुसतं ऐकूनही कळेल. माझं अर्धं घर त्या एका गिअरवर चालतं.

लोकांना वाटतं, गिअर टाकला म्हणजे आतले दाते एकमेकांत जाऊन बसतात. तसं नसतं. पुढच्या गिअरांचे दाते कायम जुळलेलेच असतात. दांडा हलवला की आतली स्लीव्ह सरकते आणि त्यातला एक गिअर शाफ्टला बांधून टाकते. बांधायच्या वेळी दोघांचा फिरायचा वेग वेगवेगळा असतो, म्हणून मध्ये पितळी सिंक्रो रिंग बसवलेली. ती आधी गिअरच्या शंकूसारख्या कोनाला घासते, वेग सारखा करते, मगच स्लीव्हला आत सोडते. कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय मोटारीत आणली. त्याआधी हे काम ड्रायव्हरच्या पायाचं होतं, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांनी पुढेही कितीतरी वर्षं डबल क्लच मारूनच गिअर टाकले. आता ते काम पितळ करतं. पोलादी दाते वाचावेत म्हणून त्याला मऊ ठेवलंय. झिजणं हाच त्याचा धंदा.

आमच्याकडे एक कीर्तनकार महाराज येतात. घनसावंगी-अंबडकडच्या गावांतले सप्ताह करतात, त्यामुळे पावसाळा सोडला तर गाडी कायम रस्त्यावर. मागे त्यांनी सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. बाहेरून कोरी करकरीत, आणि दुसऱ्याला टाकलं की खर्रर्र. रामनवमीला जांब समर्थला जायचं होतं. समर्थ रामदासांचं जन्मगाव, तिथं उशीर करून चालत नाही, म्हणून गाडी रातोरात खोलली.

ऑइल ट्रेमध्ये काढलं आणि बॅटरीच्या उजेडात धरलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडाचा काळा गाळ चिकटतो, तो थोडाफार सगळ्याच गाड्यांत निघतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते ऑइलमध्येच राहतं. हे ऑइल हळदीकुंकवाच्या साडीसारखं चमकत होतं. मग रिंग काढली. आतल्या बारीक रेषांनी कोनावरचं ऑइल कापायचं असतं. त्या रेषा पार गुळगुळीत. रिंग कोनावर दाबून फटीत फिलर घालायला गेलो, तर पातळातली पातळ पट्टीसुद्धा शिरेना. स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कची एकच बाजू घासून चकाकत होती. क्लचचं रिलीज बेअरिंग कुरकुरत होतं.

मागच्या मालकाला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो कसा बसायचा ते सांगतो. डावा हात कायम दांड्यावर टेकलेला. हाताचा तेवढा भारही फोर्कला फिरत्या स्लीव्हवर दाबत राहतो. डावा पाय क्लचवर विसावलेला. आणि घाई. क्लच पुरता दबायच्या आत दांडा ओढलेला.

महाराज स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "मिस्त्री, कर्म त्याचं आणि भोगतोय मी. प्रारब्ध म्हणतात ते हेच."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मिलिंद कॉलेजला होतो. नंतर घरची ओढाताण झाली आणि मामांच्या गॅरेजात आलो. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेलं ते कॉलेज. त्याला मिलिंद राजाचं नाव बाबासाहेबांनी दिलं आणि परिसराला नागसेनवन. सागल नगरीचा ग्रीक राजा आणि त्याला प्रश्नोत्तरांत निरुत्तर करणारा भिक्खू नागसेन. 'मिलिंदपञ्ह' मी तिथंच वाचलं. त्यातला रथाचा दाखला सगळे सांगतात. माझ्या डोक्यात आंब्यांचा राहिला.

राजा विचारतो, आत्मा म्हणून काही एका जन्मातून दुसऱ्यात जात नसेल तर माणूस पापातून आपोआप सुटला की नाही? नागसेन म्हणतो, समजा एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, याने जमिनीत पुरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग मी चोर कसा? सोडाल त्याला? राजा म्हणतो, नाही. हे आंबे त्या आंब्यापासूनच आले. म्हणजे 'तोच' कुणी असायची गरज नाही, धागा तुटला नाही एवढं पुरे.

महाराजांना मी हे सांगितलं, तर ते खूश झाले. "म्हणजे आत्मा काढून टाकला तरी कर्म राहतंच. मी काय वेगळं म्हणतोय?"

माझी गाडी तिथंच अडली. आंब्याच्या गोष्टीत दंड चोराला होतो. इथं चोर गाडी विकून मोकळा झाला आणि दंड ज्याने काहीच चोरलं नाही त्याच्यावर आला. कार्यकारण चोख आहे, धागा कुठं तुटलेला नाही, रिंग कुणी झिजवली ते फोर्क साक्षीला उभा राहून सांगतो. तरी याला न्याय कोण म्हणेल? नियमाने घडलं एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. कर्माचा सिद्धांत या दोन गोष्टी गुपचूप एकीत एक बसवतो, आणि ऐकणाऱ्याला खरखर ऐकूही येत नाही.

महाराज तयारीचे आहेत. म्हणाले, "स्वस्त मिळते म्हणून मी घेतली. मिस्त्रीला न दाखवता घेतली. हे माझं क्रियमाण." हे मात्र मला पटलं, कारण हे तपासता येतं. पण माझ्या आजोबांनी कुठली गाडी स्वस्तात घेतली होती? त्यांना पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते आणि कारण सांगत होते मागल्या जन्माचं. मागला जन्म कुठल्या बाकावर खोलून दाखवणार? त्याचं ऑइल कुठल्या ट्रेमध्ये काढणार? १९५७ साली आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये बाबासाहेबांनी यावर नेमकं बोट ठेवलंय: गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या हालांची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी, याखेरीज असल्या सिद्धांताचा दुसरा उपयोग नाही.

आता अडचण अशी की नागसेन इथं बाबासाहेबांच्या बाजूने नाही. त्याच ग्रंथात राजा विचारतो, माणसं सारखी का नसतात, कुणी अल्पायुषी, कुणी हलक्या कुळातला असं का? नागसेन म्हणतो, झाडं का सारखी नसतात? बियाणं वेगळं म्हणून. तसंच कर्म वेगळं म्हणून माणसं वेगळी. कॉलेजच्या नावात राजा आहे, वनाच्या नावात भिक्खू आहे, आणि ते उत्तर ज्याने ही नावं दिली त्यालाच मान्य नव्हतं. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. बुद्धाचं म्हणून जे सांगितलं जातं तेही पारखून घ्यायचं, हेच तर शिकलो.

आणि हे उत्तर नागसेनाने जालन्यात दिलं असतं तर टिकलं नसतं. हे बियाण्यांचं गाव आहे. इथं पोरालाही ठाऊक असतं की एकाच पिशवीतलं कपाशीचं बी दोन भावांनी लावलं, तर विहिरीला पाणी असलेल्याचं शेत वेगळं दिसतं आणि मुरमाडावरच्याचं वेगळं. बियाण्याकडे बोट दाखवलं की पाण्याचं विचारायचं राहून जातं.

गॅरेजातही हेच होतं. "गिअरबॉक्स गेला" म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत गिअरबॉक्सला काहीच झालेलं नसतं. क्लचचं ऑइल कमी असतं, केबल ताणलेली असते, दांड्याखालचं प्लास्टिकचं बुश फुटलेलं असतं. कुणीतरी भलतंच ऑइल भरलेलं असतं. जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात, जिथं जीएल-४ सांगितलंय तिथं तेच घालावं. आधीच नशिबावर टाकलं की ही बुशं कुणी बघत नाही.

रिंग बदलली, फोर्क बदलला, बेअरिंगही नवीन टाकलं. महाराज पहाटे निघाले. पुढे अंबडच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, जांबच्या कीर्तनात महाराजांनी गिअरबॉक्सचा दृष्टान्त लावला. फोर्क आला, ऑइलमधली चमक आली, आमच्या गॅरेजचं नावही आलं. निरूपण मात्र प्रारब्धाचंच केलं, आणि लोकांना फार आवडलं म्हणे. पुढच्या सर्व्हिसिंगला आले की बियाण्याचा मुद्दा काढणार आहे. तो त्यांनी अजून ऐकलेला नाही.