आजोबांसाठी प्रार्थना



गेल्या आठवड्यात आपण वाडीतल्या आजोबांचे दफन केले. केळी-पानवेलींवर त्यांनी मोठा संसार उभा केला. संध्याकाळची रोजरी कधी चुकवली नाही. प्रवचनात आम्ही त्यांना ‘संत’ म्हणालो. जरा घाईच झाली. बावखलाच्या पाण्यावरून ते सख्ख्या भावाशी कित्येक वर्षे बोलले नाहीत. हे सर्वांना सांगावे, ही त्यांचीच इच्छा. भाऊ वारल्यावर मात्र दर २ नोव्हेंबरला त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला सांगत. “राहून गेलं, फादर,” एवढेच बोलत.

यहुदा मक्काबीने युद्धात मेलेल्यांच्या पापक्षालनासाठी चांदीचे २,००० द्राख्मा येरुशलेमला पाठवले, ते याच श्रद्धेने.

यंदा दोघा भावांची नावे एकत्र वाचू. दोन्ही घरच्यांनी एकाच बाकावर बसावे, ही आमची विनंती.