मुद्रण, भाष्य आणि अर्थावरील अधिकार

संहितेचे रक्षण करणाऱ्यास तिचा अर्थ ठरविण्याचाही अधिकार प्राप्त होतो काय? जॉर्जियन मुद्रणाच्या आरंभकाळात हा प्रश्न नैतिक स्वरूप धारण करतो. जॉर्जियन लिपीतील पहिली मुद्रिते १६२९ मध्ये रोम येथे, कॅथलिक धर्मप्रसारकांच्या उपयोगासाठी निघाली. स्वभूमीवरील पहिले मुद्रणालय सहाव्या वाख्तांगने तिबिलिसीत स्थापिले. वालेकियाहून आलेल्या मुद्रकाच्या साहाय्याने तेथे १७०९ मध्ये शुभवर्तमाने छापली गेली. १७१२ मध्ये त्याच छापखान्यातून रुस्तावेलीचे ‘व्याघ्रचर्मधारी वीर’ हे लौकिक प्रेमाचे महाकाव्य प्रथमच मुद्रित झाले. धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून वाख्तांगने त्यास भाष्य जोडले आणि त्या प्रेमाचा आध्यात्मिक अर्थ लावला.

हे भाष्य काव्याचे कवच होते, तसेच वाचनावरील अंकुशही. त्यामागील हेतू शुद्ध मानला तरी त्यातील अर्थ प्रमाण ठरत नाही. मात्र काव्य आणि भाष्य एकाच ग्रंथात छापले गेल्याने भाष्य नाकारण्याचे साधनही वाचकास लाभले. १७२३ मध्ये ऑटोमन सैन्याने तिबिलिसी घेतल्यावर ते मुद्रणालय नामशेष झाले, वाख्तांग रशियात परागंदा झाला. काव्य उरले, आणि पुढे भाष्याच्या आधाराविना वाचले गेले. स्वतःचा अर्थ पारखला जाईल अशी सोय जो करतो, त्याचेच संरक्षण नैतिक म्हणता येईल.