चंदीचा भार कोणी वाहावा?

दुष्काळ पडला, लढाई पेटली किंवा साथीने सारे व्यवहार ठप्प झाले, म्हणजे मनुष्य आपला संसार आवरता घेतो; सणवार साधेपणाने उरकतो, घराची डागडुजी लांबणीवर टाकतो, लग्नकार्य यंदा नाही तर पुढल्या साली करू म्हणतो. दाराशी बांधलेल्या घोड्याचा खर्च मात्र पुढल्या सालावर ढकलता येत नाही. ज्या दिवशी घोडा एक पैसाही मिळवून देत नाही, त्या दिवशीही त्याला चंदी लागते, पाणी लागते, खरारा लागतो, आणि महिना-दीड महिन्याने त्याच्या खुरांसाठी नालबंदही लागतोच. म्हणून संकटकाळी घोडा जगवणे या प्रश्नाचा विचार निव्वळ भूतदयेच्या अंगाने करून भागत नाही. घोडा ज्याच्या पदरी आहे आणि त्याच्या सेवेचा लाभ ज्यांनी घेतला, त्या सर्वांच्या परस्पर जबाबदारीचा तो प्रश्न आहे, आणि या जबाबदारीची वाटणी आपल्या समाजाने अद्याप नीट केलेली नाही, असे माझे मत आहे.

बीदर आणि कलबुर्गी यांच्या सरहद्दीवरील निर्ण्यासारख्या गावी बसून हा विचार करणे अस्थानी नाही. शेजारचे चिटगुप्पे हे हैदराबाद संस्थानात पायगा जहागिरीतील तालुक्याचे ठिकाण होते, आणि अमिरांनी दरबारच्या चाकरीसाठी घोडदळ बाळगावे एवढ्याच हेतूने पायगेची जहागीर मुळात तोडून दिलेली असे. म्हणजे या रानात ज्वारी आणि हरभरा पिकवणाऱ्या रयतेचा सारा, निदान दफ्तरातील मूळ हेतूप्रमाणे, घोड्याच्या तोबऱ्यात जाण्यासाठी वसूल होत होता. पुढे फौजेची गरज सरली, जहागिरी मात्र संस्थान असेतोवर राहिल्या. घोड्याच्या नावाने घेतलेले उत्पन्न घोड्यावाचूनही सुखाने उपभोगता येते, हा धडा या मुलखाला निराळा शिकवावा लागत नाही.

घोडा विकत घेणे आणि घोडा पोसणे यांतील अंतर तर बीदरनेच एका परदेशी माणसाला शिकवले. इसवी सन 1470 च्या आसपास, बीदर ही बहमनींची राजधानी असताना, त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि जुन्नरमार्गे इकडे आला. जुन्नरला तेथील अंमलदार असदखान याने तो घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तर घोडाही देईन व वर मोहराही देईन, अशी अट घातली. एका खुरासानी सरदाराने रदबदली केली तेव्हा कोठे घोडा परत मिळाला. पुढे बीदरला तो विकला गेला खरा, पण त्याआधी निकितीनला तो वर्षभर पोसावा लागला होता. या देशात घोडे पैदा होत नाहीत, इकडचे लोक घोड्यांना कडधान्य चारतात, साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडीही देतात, अशी टिपणे त्याने करून ठेवली आहेत; त्यांत परमुलखाविषयीचे कुतूहल असेल, परंतु रोज तोबरा भरणाऱ्या माणसाची चिंताही मला त्यांत दिसते. बीदरपासून त्याच्या हिशेबाने बारा कोसांवरच्या आळंदच्या उरुसात वीस हजार घोडे विक्रीस येतात, असेही तो लिहितो. संख्या ऐकीव म्हणून सोडून दिली, तरी एवढे खरे की ज्या भूमीत घोडा सहज निपजत नव्हता त्या भूमीने तो अफाट संख्येने बाळगला, आणि त्याची किंमत शेवटी हरभऱ्याच्या पोत्यांत मोजली.

ही किंमत संकटकाळी इतकी जाचक का होते, याचे कारण घोड्याच्या देहरचनेत आहे. बैल रवंथ करतो. निकृष्ट कडब्यातूनही तो आपल्यापुरते सत्त्व काढून घेतो आणि वाईट दिवस काढतो. घोड्याचे जठर लहान, त्याला ओकता येत नाही, आणि थोडे थोडे पण जवळजवळ दिवसभर चरत राहणे हा त्याचा स्वभावधर्म. साडेतीनशे किलो वजनाच्या देशी घोड्याला दिवसाकाठी पाच ते सात किलो कोरडा चारा आणि वीस-तीस लिटर पाणी हवे. गवताचा भाव कडाडला म्हणजे नवखा मालक गवत तोडतो आणि ती उणीव मूठभर जास्त हरभऱ्याने भरून काढू पाहतो. दोन-चार दिवसांत घोडा पोटाकडे मान वळवून बघू लागतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, आणि पोटशुळाने हातचा जातो. जाणता मोतद्दार याच्या नेमके उलट करतो. काम थांबले की तो आधी दाणा कमी करतो, तोही हळूहळू. गवताला शेवटपर्यंत हात लावत नाही, आणि ठाणबंद जनावराला रोज थोडे फिरवून आणतो. काटकसर करायची तर तीसुद्धा ज्ञानाने करावी लागते, आणि हे ज्ञान नालबंद, मोतद्दार व सालोत्री यांच्याबरोबर आपल्या गावांतून झपाट्याने नाहीसे होत आहे.

ज्या राज्यकर्त्याने या प्रश्नाचे मर्म सर्वांत स्वच्छ ओळखले, त्याचे नाव मराठी वाचकाला सांगावयास नको. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीस असलेल्या आपल्या लष्कराच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना जे पत्र पाठवले, ते पराक्रमाचे पत्र नाही. ते दाण्याचे आणि गवताचे पत्र आहे. पावसाळा तोंडावर आला आहे; पागेसाठी जमवलेला दाणा-चारा आजच मनाला येईल तसा उडवाल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल; मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणी दाणा आणील, कोणी गवत, कोणी भाजी, आणि कुणबी गाव सोडून परागंदा होतील, असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी करू नये, चिलीम ओढू नये, इतकेच काय, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर त्यात बजावले आहे. राज्य उभारणाऱ्या पुरुषाची नजर उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोहोचते याचे आपण कौतुक करतो, ते योग्यच. परंतु त्या पत्रातील महसुली तत्त्वाकडे आपले दुर्लक्ष होते. घोडा सरकारचा असेल तर त्याचा चारा सरकारने सुगीच्या दिवसांत जमवून ठेवला पाहिजे. तो मोजून खर्ची घालणे हे अंमलदाराचे काम आहे. आणि या दोहोंतील कसूर भरून काढण्यासाठी तिसऱ्याच्या, म्हणजे दुबळ्या रयतेच्या, घरात हात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हीच व्यवस्था बारगीर आणि शिलेदार या भेदातही दिसते. बारगिराचा घोडा पागेचा, म्हणजे सरकारचा. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, आणि पावसाळ्यात लष्कर मुलखात परतले की दाणा, वैरण, औषधे व घोड्यांसाठी शाकारलेल्या पागा तयार असत. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. त्याचा घोडा पडला की तो स्वार राहत नसे, आणि पुन्हा स्वार होई तो नव्याने घोडा उभा करील तेव्हाच. म्हणून जोखमीच्या प्रसंगी त्याला शत्रूपेक्षा घोड्याचीच काळजी अधिक वाटली तर त्याला भ्याड म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर जनावराची सारी जोखीम आहे, त्याच्याकडून सार्वजनिक सेवेची अपेक्षा किती करावी, याला मर्यादा असते.

पुरवठा तुटला म्हणजे काय होते, ते याच भागाजवळच्या उदगीरहून निघालेल्या विजयी फौजेने अनुभवले. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगिरास निजामाला नमवणारे सदाशिवरावभाऊ त्याच वर्षाच्या अखेरीस पानिपतावर अडकून पडले; डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी जे घोडे रणांगणात आले ते दीर्घ उपासमारीने आधीच खंगलेले होते. पराभवाची कारणे अनेक असतील, परंतु तोबरा रिकामा राहिला तेव्हाच घोडदळाची निम्मी शक्ती सरली होती.

आता फौजा गेल्या. घोडा वरातीत, यात्रेत, टांग्यात आणि सहलीच्या ठिकाणी उरला. म्हणजे तो पूर्णपणे शिलेदाराच्या स्थितीत आला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, लग्नसराई बुडाली, यात्रा थांबल्या. ज्या माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने माणसांची व मालाची बरीचशी वाहतूक घोड्यांच्या पाठीवर चालत असे, तेथेही पर्यटक येईनासा झाला आणि घोडेवाल्यांना देणगीदारांच्या तोंडाकडे पाहावे लागले. त्याआधी 2015 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा कित्येक घोड्यांचे कामच सुटले. कामातून सुटलेल्या घोड्याच्या पुढील चाऱ्याचा प्रश्न काही त्याबरोबर सुटला नाही. 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा मानतो, आणि ते रास्त आहे. परंतु सोडू नको असे मालकाला बजावणारा कायदा गवत कोठून आणू या त्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

माणसे उपाशी असता घोड्याची कसली चिंता, हा आक्षेप उथळ नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेत दुष्काळ पडला तेव्हा गुलबर्ग्याच्या दुसऱ्या महंमदशहा बहमनीने दहा हजार बैल लावून माळवा-गुजरातेतून धान्य आणवले, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. त्या प्रसंगी बैल माणसांना अन्न आणून देत होता आणि घोडा पागेत उभा राहून खात होता, हे मान्य केले पाहिजे. माणसाच्या तोंडचा दाणा काढून घोड्याला द्यावा, असे कोणीही म्हणणार नाही. पण वरातीच्या घोड्याचा मालक हाही माणूसच आहे, आणि त्याचे पोट व घोड्याचे पोट एकाच मिळकतीवर भरते. घोडा मेला तर संकट सरल्यावर त्याची मिळकत परत येत नाही, कर्ज मात्र राहते. त्याच्या घोड्याची वैरण ही त्याच्या कुटुंबाला केलेली मदतच होय.

तेव्हा उपाय दानाचा नव्हे, तर तरतुदीचा आहे. यात्रा भरवणाऱ्या समित्या, सहलीच्या ठिकाणी घोड्यांना परवाने देणाऱ्या नगरपालिका आणि बाजार भरवून पट्टी घेणाऱ्या पंचायती यांनी हंगामात मिळणाऱ्या उत्पन्नाचा लहानसा हिस्सा चाऱ्यासाठी राखून ठेवावा. दुष्काळी छावण्या उघडताना गाईबैलांबरोबर घोड्यांचीही गणती व्हावी. आणि सरकारी पशुवैद्याने चाराटंचाईच्या काळात दाणा कसा कमी करावा, एवढे तरी दारोदार सांगावे. यातले काहीही खर्चिक नाही. ज्या वाटसरूने, ज्या वराने, ज्या देवस्थानाने चांगल्या दिवसांत त्या पाठीवरून आपले काम करून घेतले, त्यांनी तेव्हाच त्याच्या वाईट दिवसांतील चंदीचा वाटा उचलावा, इतकीच ही मागणी आहे. हा वाटा सुगीत उचलला नाही, तर दुष्काळात तो हमखास सर्वांत गरीब माणसाच्या खात्यावर पडतो.