पाहणारीचा चेहरा

ल्वार नदीकाठचं नेव्हेर हे मध्य फ्रान्समधलं लहानसं शहर झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेलं आहे. यात्रेकरूंची पावलं मात्र साँ-जिल्दारच्या कॉन्व्हेंटकडे वळतात. तिथल्या चॅपेलमध्ये, काचेच्या पेटीत, एक नन झोपल्यासारखी दिसते. ती बर्नादेत सुबिरू.

१८५८ साली लूर्दच्या गुहेपाशी चौदा वर्षांच्या या गिरणीवाल्याच्या मुलीला अठरा वेळा मरियामातेचं दर्शन झालं, असं कॅथलिक चर्च मानतं. पुढे पुढे तिच्याबरोबर गर्दी लोटू लागली. त्या गर्दीला माता दिसत नव्हती. दिसत होता तो पाहणाऱ्या मुलीचा चेहरा. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष प्रमाण तिच्या एकटीपाशी होतं, बाकीच्यांच्या वाट्याला शब्दप्रमाण आलं. मग प्रश्न उरतो सांगणाऱ्याच्या खरेपणाचा. पोलीस अधिकाऱ्याने आणि धर्मगुरूंनी तिला उलटसुलट विचारलं. ती बधली नाही. घरी दारिद्र्य असूनही तिने कुणाचे पैसे घेतले नाहीत.

जुलै १८६६ मध्ये ती नेव्हेरला आली ती लपण्यासाठी, असं ती स्वतःच सांगे. आल्यावर दुसऱ्या दिवशी जमलेल्या सिस्टरांना लूर्दची हकिगत एकदा सांगितली आणि तो विषय मिटला. पुढे आजाऱ्यांची सेवा, स्वतःचा दमा, आणि १८७९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी मृत्यू. लूर्दला ती परत कधीच गेली नाही.

लपू मात्र दिलं नाही कुणी. संतपदाच्या चौकशीसाठी १९०९, १९१९ आणि १९२५ मध्ये तिचं शव बाहेर काढलं गेलं. ते बरंचसं टिकलेलं होतं, पण चेहरा काळवंडला होता. म्हणून चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचा पातळ थर चढवला गेला. याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल, कारण ही गोष्ट लपवलेली नाही. ओल्ड गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी रांगेत उभं राहिलेल्यांना संताचा देह पाहण्याची ही ओढ ओळखीची वाटेल. पण खंत वाटते. १८५८ च्या गर्दीला निदान जिवंत चेहरा लाभला होता.

याच शहरात, बांले वस्तीत, तिच्याच नावाचं एक चर्च आहे. क्लोद पारां आणि पोल विरिलिओ यांनी ते १९६० च्या दशकात बांधलं. विरिलिओंनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या युद्धकालीन बंकरांचा अभ्यास केला होता. त्या बंकरांचा आणि लूर्दच्या गुहेचा मेळ इथे दिसतो. बाहेरून नुसतं उघडं काँक्रीट, जवळजवळ आंधळं. आत जमीनच उतरती आहे, त्यामुळे माणसाला तोल सांभाळत चालावं लागतं. डोळ्यांआधी पायांना जाणवणारं हे देऊळ त्या मुलीला जास्त शोभतं.

साँ-जिल्दारच्या बागेतलं सेंट जोसेफचं छोटं चॅपेलही तसंच. तिचं पहिलं दफन तिथे झालं. आता तिथे तिचा देह नाही.