पैशाने माणूस परत येत नाही म्हणे!

अपघातात नवरा गेलेल्या बाईला गाडीमालक पैसे देतोय, तो फोटो तुम्हीही पाहिला असेलच. एका पाकिटाला पाच जणांचे हात लागलेत. ज्या बाईला ते द्यायचंय, तिचा हात पदराआडून जेमतेम दिसतोय. मागे कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. खाली ओळ : गाडीमालकाने माणुसकी जपली, प्रकरण सामोपचाराने मिटले. पन्नास हजारांत!

अपघाताबद्दल आता आणखी काय सांगायचं? आठवडाभर तेच चाललंय. माझं डोकं फिरलं ते फोटोनंतर जो तो ऐकवतोय त्या वाक्याने. ‘अहो, पैशाने गेलेला माणूस परत येतो का?’

नाही येत. पण हे तत्त्वज्ञान फक्त पैसे घेणाऱ्यालाच का ऐकवलं जातं? गेलेल्या माणसाने टेम्पोसाठी कर्ज काढलेलं असतं. त्याचा हप्ता मागायला येणारा कधी म्हणतो का, की वहिनी, माणूसच गेला, आता हप्ता घेऊन आम्ही काय करणार? शाळा फी सोडते का? घरमालक भाडं सोडतो का? आणि हे पांढरे शर्टवाले तरी एरवी इतके विरक्त असतात का? त्यांच्या गाडीला कुणाची रिक्षा घासली, तर सर्व्हेअर येईपर्यंत गाडी जागची हलवत नाहीत, ओरखड्याचे चारी बाजूंनी फोटो काढतात. महामार्गात जमीन गेली की ‘काळी आई’ म्हणून डोळे पुसतात आणि दर वाढवून मिळावा म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जातात. जावंच, तो त्यांचा हक्क आहे. पण तिथे कुणी विचारत नाही, की पैशाने आई परत येते का!

नवरा गेलेल्या बाईने मात्र मोबदल्याचं नाव काढलं, की ती लोभी ठरते. ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी’ वगैरे म्हणी लगेच बाहेर पडतात. चौकात दुसऱ्या दिवशी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. त्यावर मृताचा फोटो पासपोर्टाएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे पुरुषभर.

नुकसानभरपाई ही माणसाची किंमत नसते. मागे राहिलेल्यांचं काय बुडालं, त्याचा तो हिशेब असतो. समजा, ३२ वर्षांचा भाजीविक्रेता गेला. महिन्याची कमाई १५ हजार. तो पुढे अधिक कमावता, म्हणून त्यात ४० टक्के वाढ धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिलंय. झाले २१ हजार. घरी बायको, दोन मुलं, आई असे चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. या वयासाठी गुणक १६, तो २००९च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला. गुणाकार ३० लाख २४ हजार. अंत्यसंस्काराचा खर्च आणि सहवास हरपल्याची रक्कम त्याशिवाय.

हा आकडा त्या पाकिटाशेजारी ठेवा आणि मग माणुसकीबद्दल बोलू.

बरं, हे पैसे कुणाच्या खिशातून जातात? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. विमा चालू असेल, तर भरपाई कंपनी देते. मग मालकाला मिटवायची एवढी घाई का? बहुतेकदा कारण साधं असतं. विमा संपलेला असतो, नाहीतर चालकाकडे लायसन्स नसतं, आणि बोजा शेवटी आपल्या अंगावर येईल ही धास्ती. शिवाय स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं की गुन्हाही मिटला, हा समज. तो मिटत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हे आपसांत तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांत बसतच नाही.

बाकीच्या सबबींना मी फार किंमत देत नाही. हेल्मेट नव्हतं? चूक दोघांची होती? असेल, तर रकमेतून काही भाग कापला जाईल, म्हणून दावा बुडत नाही. बाई घरीच असायची, कमवत नव्हती? तिच्या घरकामाचं मोल धरायला सर्वोच्च न्यायालय २००१पासून सांगतंय. आणि जो वाचला पण हात गमावून बसला, त्याला ‘जीव वाचला ना’ म्हणून गप्प करणाऱ्यांनी २०१०चा राजकुमार निकाल वाचावा. डावा हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकतो. तोच हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा गेला, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. डॉक्टरच्या दाखल्यावरचे टक्के दोघांचे सारखे असले, तरी नुकसान सारखं नसतं.

कोर्टात वर्षं जातात, हे मात्र खरं. तारखांना जायचं तर रोज बुडतो, आणि घरात आजच पीठ नसेल तर पन्नास हजार घेणाऱ्या बाईला मी कोण शहाणपण शिकवणार? घेतले तर घेतले. मिटवायचंच असेल, तर लोकअदालतीत मिटवावं, जिथे विमा कंपनीच्या वकिलापुढे हिशेब मांडून आकडा ठरतो. पांढऱ्या शर्टांच्या बैठकीत चहाशिवाय काही हिशेबाचं नसतं.

तेव्हा तुमच्या गल्लीत असं काही घडलं, तर सांत्वनाला जाल तेव्हा एवढं करा. तेराव्यापर्यंत थांबू नका. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि गाडीच्या विम्याचा तपशील यांच्या प्रती मिळवायला त्या घरच्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यात जा. दावा, आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची लिहिली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कुणीही बसू नये.