संघ कोणाचा, अंगण कोणाचे?

तेरणेच्या काठी वसलेले तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथे घडली असे मानली जाणारी एक आख्यायिका महाराष्ट्रातील लहानथोरांना ठाऊक आहे. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईचे लक्ष तेथल्या थापटण्याकडे गेले. हे कशासाठी, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के, हे याने कळते, असे उत्तर मिळताच ती म्हणाली, मग या मडक्यांचीही पारख होऊ द्या. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सारे शांत राहिले. नामदेव तेवढे दुखावले. पाहुण्याला मार खाऊ घालण्याची ही कोणती रीत, असे त्यांना वाटले. गोरोबांनी निर्णय दिला: हे मडके अजून कच्चे आहे.

अहंकार कसा गळून पडावा, हे सांगण्यासाठी ही कथा शतकानुशतके वापरली गेली. ते योग्यच आहे. परंतु तिच्यात दुसराही एक प्रश्न दडलेला आहे. दारी आलेल्याची पारख करण्याचा अधिकार यजमानाला असतो काय? असलाच तर कोणत्या अटीवर?

हा प्रश्न मैदानावर फार स्पष्टपणे उभा राहतो. १९९० साली इंग्लंडमधील राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी दक्षिण आशियातून आलेल्या स्थलांतरितांना एक कसोटी लावली: क्रिकेटच्या सामन्यात तुम्ही टाळ्या कोणासाठी वाजवता? हेही थापटणेच होते. आणि स्थलांतरितांनी स्वतःचा खेळसंघ काढला की ते अधिकच जोराने बसते. येथे राहायचे, येथले खायचे, मग संघ मात्र आपल्याच लोकांचा का? या आक्षेपात तथ्य किती, हे आपण ख्रिस्ती म्हणून तपासून पाहिले पाहिजे. कारण आपल्या समाजावरही असे थापटणे अनेकदा बसलेले आहे, आणि ते आपल्या हातातही अधूनमधून असते.

माणसे आपल्याच माणसांत का जमतात, याचे उत्तर मुंबईतच मिळते. पोटासाठी गोव्याहून आलेले तारवटी, आचारी, वाजंत्री यांनी धोबी तलाव परिसरात आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ उभारली. त्या परिसरातील जेर महालात अशा अनेक कुडी नांदल्या. मोठ्या खोलीत भिंतीलगत ट्रंकांची रांग, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी एकत्र रोझरी आणि अल्प वर्गणीत डोक्यावर छप्पर. बोट मिळेपर्यंत माणसाने जायचे कोठे, या प्रश्नाला गावकऱ्यांनी दिलेले ते उत्तर होते. त्यात कोणाचा द्वेष नव्हता, गरज होती. अशा गोवेकरी मुंबईतूनच नेव्हिल डिसोझा हा फुटबॉलपटू पुढे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४–२ असा जिंकला. त्या दिवशी त्याचे मूळ गाव कोणते, हे कोणी विचारले नसेल.

कुडीमागील हीच गरज स्कॉटलंडमध्ये फुटबॉल संघांच्या रूपाने प्रकटली. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळानंतर तेथील कॅथलिक मजूर मोठ्या संख्येने स्कॉटलंडच्या औद्योगिक शहरांत आले. एडिनबरोमध्ये फा. एडवर्ड हॅनन यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये कॅथलिक तरुणांनी ‘हिबर्नियन’ हा संघ स्थापन केला. आरंभी फुटबॉल संघटनेने त्यांना दार उघडले नाही. हा खेळ आमच्या स्कॉटिश लोकांसाठी आहे, अशी भूमिका तिने घेतली. पण हिबर्नियनचे स्वतःचे दारही तेव्हा अर्धेच उघडे होते. सदस्य कॅथलिकच असावा, असा त्यांचा नियम होता. १८८७ मध्ये या संघाने स्कॉटिश चषक जिंकला; परंतु काही वर्षांतच त्याचे कामकाज बंद पडले. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा धर्माची अट काढून टाकण्यात आली होती. बंद दाराने त्यांना मारले असे म्हणता येणार नाही. कारणे अनेक होती. मात्र पुन्हा जगताना त्यांनी दार उघडे ठेवले, एवढे खरे.

ग्लासगोमध्ये मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सेल्टिक’ संघाची स्थापना केली. उद्देश साधा होता: सामन्यांच्या उत्पन्नातून शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांना जेवण मिळावे. नावाचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. आयरिश आणि स्कॉटिश या दोहोंच्या मुळाशी असलेला केल्टिक वारसा सांगणारे नाव बंधूंनी निवडले. जेथून आलो आणि जेथे आलो, त्या दोन्ही भूमी त्या एका शब्दात बसत होत्या.

पुढील इतिहास मात्र एकरंगी नाही. १८९७ मध्ये सेल्टिक ही मर्यादित कंपनी झाली आणि मुलांच्या जेवणाचा मूळ हेतू मागे पडत गेला. शहरातील रेंजर्स या संघाशी असलेली स्पर्धा धार्मिक वैराचे रूप घेऊ लागली. रेंजर्सनेही कित्येक दशके कॅथलिक खेळाडूला संघात न घेण्याचा अलिखित नियम पाळला. तो उघडपणे मोडला १९८९ मध्ये. भुकेल्या मुलांसाठी सुरू झालेला खेळ शेजाऱ्याला शिव्या देण्याचे निमित्त ठरावा, हे विदारक आहे. संस्थेचा जन्म प्रेमातून झाला म्हणून तिचे आयुष्यही प्रेमात जाईल, अशी हमी नसते. प्रत्येक पिढीला ते प्रेम नव्याने निवडावे लागते. सेल्टिकनेच ते एकदा निवडले. १९६५ मध्ये संघाची धुरा जॉक स्टाइन या प्रॉटेस्टंट प्रशिक्षकाकडे देण्यात आली. दोनच वर्षांनी लिस्बनमध्ये त्याच्या संघाने युरोपियन चषक जिंकला. त्या दिवशी मैदानात उतरलेले सर्व खेळाडू ग्लासगोच्या सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. आलेल्यांचा संघ तोपर्यंत त्या शहराचा झाला होता.

आता आपल्या मुंबईच्या मैदानाकडे पाहू. येथे क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा भरत असे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि १९३७ पासून ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. भारतीय ख्रिस्ती आणि ज्यू खेळाडू या पाचव्या संघात मोडत. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या जातीय स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ती बंद झाली. पण १९४३ च्या अंतिम सामन्यात एक विलक्षण गोष्ट घडली. सांगलीत जन्मलेल्या, मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबातील विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध ‘उरलेल्यां’च्या दुसऱ्या डावात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. भाऊ विवेक यांच्या साथीने त्यांनी तीनशेची भागी रचली; त्यात विवेकचा वाटा २१ धावांचा. सामना ‘उरलेल्यां’नी गमावलाच. पुढे १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला नमवून भारताने कसोटीतील आपला पहिला विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

येथे एक भेद स्पष्ट होतो. कूड काय किंवा वॉलफ्रिड यांचा संघ काय, त्यांनी आपले नाव स्वतः ठेवले आणि आपली गरज भागवण्यासाठी माणसे गोळा केली. ‘द रेस्ट’ हे नाव त्या खेळाडूंनी मागितलेले नव्हते. मोजणी करणाऱ्याने चार रकाने भरल्यावर शिल्लक राहिलेल्यांना ते दिले. पहिल्या प्रकारात समुदाय हे घर असते, दुसऱ्यात तो केवळ खाना असतो. घराला दार असते. खान्याला फक्त भिंती. म्हणून संघाला समुदायाचे नाव आहे की नाही, हा नैतिक प्रश्न नव्हेच. ते घर आहे की खाना, आणि घर असेल तर दार कोणासाठी उघडते, हा खरा प्रश्न आहे.

दार उघडण्याचे एक सुंदर उदाहरण ब्वेनोस आयरेसमध्ये सापडते. अल्माग्रो या वस्तीत मुले रस्त्यावर चेंडू खेळत. तेथील सलेशियन धर्मगुरू फा. लोरेन्झो मास्सा यांनी धोका ओळखून त्यांना चर्चचे अंगण खेळायला दिले. रविवारी मिस्साला यायचे, एवढी अट घातली. त्यातून १९०८ मध्ये ‘सान लोरेन्झो’ संघ जन्मास आला. मुलांना फादरांचे नाव द्यायचे होते. त्यांनी ते नाकारले; संत लॉरेन्स यांचे आणि त्याच नावाच्या स्वातंत्र्ययुद्धातील लढाईचे स्मरण म्हणून ते स्वीकारण्यात आले. येथेही एका नावात श्रद्धा आणि भूमी दोन्ही मावल्या. इटलीहून आलेल्या एका कुटुंबातील मुलगा याच संघाचा आयुष्यभर चाहता राहिला. तो पुढे पोप फ्रान्सिस झाला आणि स्थलांतरितांच्या बाजूने अखेरपर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत, बोलत राहिला. त्याच नदीच्या पैलतीरावर, मॉन्टेव्हिडिओत, १९३० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी फुटसालचे नियम लिहिले. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि बास्केटबॉलच्या मैदानाएवढी जागा. ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांनाही एखाद्या शाळेचा वा चर्चचा हॉल मिळाला की खेळता येईल असा हा खेळ आहे. प्रश्न उरतो तो हॉलच्या किल्लीचा.

परक्यांनी आपल्या भूमीत काय केले, याची साक्ष कार्ले येथील चैत्यगृहात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकट येथील यवनांनी तेथले काही खांब दान दिले. त्या लेखांत ‘सिहधय’ असे येथल्या वळणाचे नाव आढळते आणि त्याच्यासोबत ‘यवन’ हा शब्दही. त्याने आपली ओळख पुसली नाही. पण खांब दिला तो सर्वांच्या छपराला. तेरही त्याच व्यापारी जगातले. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले ‘तगर’ ते हेच. येथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. तेरचे त्रिविक्रम मंदिरही मुळात बौद्ध चैत्य होते. वास्तू तीच राहिली, आत राहणारे बदलले.

आता गोरोबांच्या थापटण्याकडे पुन्हा वळले तर दोन गोष्टी दिसतात. ते सर्वांच्या मस्तकावर सारखेच पडले. ज्ञानदेवांना सूट नव्हती. टेबिट यांचे थापटणे फक्त आलेल्यांवर पडत होते, हा फरक लहान नाही. आणि कच्चे ठरलेले मडके फेकून दिले गेले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, पक्के झाले आणि पुढे पंजाबात घुमान येथे परभाषकांत राहिले. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने विराजमान आहेत. समुदायाचा संघ ही अशी भट्टी असावी. भट्टीची ऊब नसेल तर मडके विरघळेल. पण मडके भाजायचे ते दुसऱ्याची तहान भागवण्यासाठी.

आज धाराशिव, बीड या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि अर्धे वर्ष कारखान्यांच्या परिसरात पालांवर काढतात. त्यांच्या मुलांची ना कूड आहे, ना वेदी, ना संघ. परदेशी असताना आपण कसे होतो हे आठवून परदेशीयावर प्रेम करा, असे जुना करार इस्राएलाला बजावतो. आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी फुटबॉलच्या स्पर्धा भरतात आणि प्रवेशाचे नियम लिहिले जातात. ते लिहिताना ‘आमचे’ या शब्दानंतर काय लिहायचे, हे कोणा टेबिटने ठरवायचे नाही. आपणच ठरवायचे आहे. आणि शेजारच्या पालावरची मुले कुंपणापाशी उभी राहून सामना पाहत असतील, तर पारख त्यांची नव्हे, आपली होते आहे.